फ्रोझन ट्रान्सफरचा दिवस: हॅचिंग कुणाला, ग्लूमध्ये किती वेळ, आणि लॅबच्या हातात आणखी काय?

अजिंक्यतारा_लॅब (सातारा)

नमस्कार. साताऱ्यातल्या एका छोट्या आयव्हीएफ लॅबसाठी फ्रोझन ट्रान्सफरची (गोठवलेला एम्ब्रिओ, म्हणजे भ्रूण, वितळवून गर्भाशयात सोडण्याची) कार्यपद्धती नव्याने लिहायला घेतली आहे. सध्याची पद्धत थोडक्यात सांगतो. पाचव्या किंवा सहाव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी तयार झालेला एम्ब्रिओ), गोठवण्याआधी लेझरचा एक पल्स देऊन पोकळीतलं पाणी काढायचं, मग ओपन डिव्हाइसवर (एम्ब्रिओ थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडतो अशा पट्टीवर) व्हिट्रिफिकेशन, म्हणजे अतिवेगाने गोठवणं. ट्रान्सफरच्या दिवशी सकाळी वॉर्मिंग म्हणजे वितळवणं, सगळ्यांना सरसकट लेझर हॅचिंग (एम्ब्रिओच्या बाहेरच्या कवचाला, म्हणजे झोनाला, भोक पाडणं), दोन-तीन तास कल्चर म्हणजे इन्क्युबेटरमध्ये वाढवणं, आणि शेवटी हायलुरोनानच्या मीडियममधून (पोषक द्रावणातून) म्हणजे ग्लूमधून ट्रान्सफर.

तीन गोष्टींवर एकमत होत नाही.

हॅचिंग सगळ्यांना करावं का, आणि छिद्र केवढं? काही ब्लास्टोसिस्ट पुन्हा फुगताना अरुंद छिद्रातून अर्धवट बाहेर येतात आणि मधोमध डमरूसारखे आवळले जातात. हे गोठवण्याआधीच्या पल्समुळे होतं की नंतरच्या हॅचिंगमुळे?

ग्लूमध्ये एम्ब्रिओ किती आधी ठेवायचा? कुणी १० मिनिटं सांगतं, कुणी दोन-तीन तास.

आणि रुजण्याच्या दृष्टीने लॅबने करायचं, पण बिलात ज्याची वेगळी ओळ नसते, असं काय काय आहे? मला आकडे आणि कारणं दोन्ही हवी आहेत.

---

विश्रामबाग_एम्ब्रिओ (सांगली)

डमरूपासून सुरुवात करतो, तुमच्या प्रश्नांत सगळ्यात तातडीचं तेच आहे.

गोठवण्याआधी पल्स देतो तो ट्रोफेक्टोडर्मच्या (बाहेरच्या पेशींच्या थराच्या) दोन पेशींच्या सांध्यावर, आयसीएमच्या (ज्यातून बाळ घडतं त्या पेशींच्या पुंजक्याच्या) बरोबर समोरच्या बाजूला. पोकळीत पाणी राहिलं तर गोठताना त्यात बर्फाचे स्फटिक होतात, म्हणून ते काढायचं. पण तो पल्स झोनातून जातो आणि जाताना १० मायक्रॉनच्या आसपासचं भोक ठेवून जातो. वॉर्मिंगनंतर ब्लास्टोसिस्ट फुगायला लागला की सगळ्यात कमी अडवणूक त्या भोकाशीच असते. पेशी तिथून डोकावतात, भोक काही मोठं होत नाही, आणि कंबर आवळली जाते. वर तुम्ही हॅचिंगसाठी दुसऱ्या जागी भोक पाडत असाल तर आता वाटा दोन झाल्या. ब्लास्टोसिस्ट दोन्हीकडून बाहेर पडायला बघतो आणि एकीकडूनही नीट सुटत नाही.

तेव्हा नवं भोक पाडू नका, आधीचंच शोधून रुंद करा. वॉर्मिंग संपल्या संपल्या ब्लास्टोसिस्ट आक्रसलेला असतो आणि झोना मात्र गोल राहते, मधे भरपूर मोकळी जागा असते. पिपेटच्या हलक्या फुंकरीने तो फिरवत झोनाच्या मधल्या परिघावर फोकस ठेवा, कडेला खाच दिसते. ती सापडली की बाहेरच्या कडेपासून सुरू करून एकमेकांवर थोडे चढणारे ३ ते ५ छोटे पल्स द्या, भोक ३० ते ४० मायक्रॉन होईपर्यंत. १५ मायक्रॉनवर थांबलात तर तुम्ही डमरूच तयार करताय.

याचं भय एवढ्यासाठी की अरुंद भोकात आयसीएमच अडकून दुभंगला तर एका ब्लास्टोसिस्टपासून एकसारखी जुळी होतात. हॅचिंगनंतर अशी जुळी थोडी जास्त दिसल्याच्या नोंदी आहेत. एक वार वाटून घेणाऱ्या जुळ्यांच्या गरोदरपणात गुंतागुंत किती वाढते हे इथल्या डॉक्टर मंडळींना सांगायला नको.

लेझरबद्दल. आपली यंत्रं १४८० नॅनोमीटरची, इन्फ्रारेड. किरण पाण्यात शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि त्या उष्णतेने झोना विरघळते. म्हणजे कापणारी गोष्ट उष्णताच, आणि ती आजूबाजूलाही पसरते. स्क्रीनवर जी वर्तुळं दिसतात ती तापमानाची असतात, जिवंत पेशी त्यांच्या बाहेर राहिली पाहिजे. म्हणून एक लांब पल्स देऊन काम उरकण्यापेक्षा झोना जेमतेम उघडेल एवढ्या छोट्या लांबीचे तीन-चार पल्स नेहमी चांगले. हे करायला वेळ थोडाच मिळतो. शेवटच्या वॉशनंतर १०-१५ मिनिटांत ब्लास्टोसिस्ट फुगायला लागतो आणि पेशी झोनाला टेकल्या की सुरक्षित जागा उरत नाही. फुगून टेकलेल्यावर लेझर मारू नका. सोडून द्या.

रोज सकाळी लेझरची जागा तपासा. रिकाम्या डिशच्या तळाला मार्करचा ठिपका काढा, फोकस करा, एक पल्स मारा. शाईत पडलेलं भोक क्रॉसच्या मध्यावर आलं पाहिजे. ऑब्जेक्टिव्ह कुणी काढून पुसला, टेबल हललं, तर परत तपासायचं. ५ मायक्रॉनची चूक इथे पुष्कळ होते, कारण झोनाच मुळात १५ ते २० मायक्रॉन जाड. डिशचा तळ पुसलेला नसेल, खाली वाफ धरली असेल तर किरण पसरतो आणि पल्स कमी पडल्यासारखा वाटतो. अशा वेळी पल्सची लांबी वाढवण्याचा मोह होतो. आधी डिश पुसा.

हॅचिंगनंतर पिपेट बदला. झोनातल्या, न फुगलेल्या एम्ब्रिओला अरुंद टिप चालते, पण झोनाबाहेर आलेल्याला ती घासते. त्याला २७५ ते ३०० ची घ्या. उघड्या झोनाचा एम्ब्रिओ अरुंद टिपमधून ओढताना ट्रोफेक्टोडर्मच्या पेशी सुटून येतात, हे नुकसान आपण स्वतः केलेलं असतं.

सगळ्यांना करावं का? माझं मत, नाही. १९९० च्या सुमारास ही पद्धत आली तेव्हा झोनात नुसती सुईने चीर देत, पुढे आम्लाने भोक पाडू लागले, मग लेझर आला. तीस वर्षांनंतरही जिवंत बाळंतपणं वाढतात असा भक्कम पुरावा जमलेला नाही. अमेरिकन सोसायटीने (एएसआरएम, प्रजनन-वैद्यकाची संस्था) २०२२ मध्ये स्पष्टच लिहिलं की ताज्या सायकलमध्ये लेझर हॅचिंगने फरक पडत नाही, आणि फ्रोझन सायकल किंवा वारंवार अपयश आलेल्या पेशंटसाठी पुरावा अपुरा आहे. तुमच्या पद्धतीत मात्र भोक आधीच पडलेलं असतं. ते रुंद करणं ही आपल्याच कामाची पूर्तता आहे, त्याचे वेगळे पैसे लावू नयेत.

आणखी एक सोपा मार्ग आहे. गोठवण्याआधी पाणी निघून ब्लास्टोसिस्ट आक्रसला की त्याच वेळी तेच भोक ३०-४० मायक्रॉन करून ठेवायचं. मग वॉर्मिंगच्या दिवशी लेझरखाली धरायची गरजच नाही, तेवढी हाताळणी वाचते. हॅचिंग कुठे आणि केवढं केलं याची नोंद मात्र गोठवण्याच्या कागदावर पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी दुसरं भोक पाडतो.

---

कुपवाड_इन्स्ट्रुमेंट (सांगली)

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. इन्क्युबेटर आणि गॅस ही माझी बाजू.

तुम्ही साताऱ्यात आहात हे विसरू नका. मीडियमच्या पत्रकात ६ टक्के सीओटू लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटी धरून. सातारा साधारण ७४० मीटरवर. तिथे हवेचा दाब ७६० ऐवजी ६९५ मिलिमीटरच्या आसपास असतो. ३७ अंशांना पाण्याची वाफ ४७ मिलिमीटर खाते. उरलेल्यातून हिशेब करा: समुद्रसपाटीला ७१३ चे ६ टक्के म्हणजे जवळपास ४३ मिलिमीटर सीओटू. साताऱ्यात ६४८ चे ६ टक्के धरले तर ३९ च भरतात. तेवढेच ४३ मिळवायला सेटिंग ६.६ च्या आसपास न्यावं लागेल. सांगली साडेपाचशे मीटरवर, तिथे ६.४ पुरतात. पाचगणीला कुणी लॅब काढली तर आणखी वर.

नुसत्या ६ वर ठेवलं तर पीएच ०.०४ ने वर राहतो. ऐकायला किरकोळ आहे. पण डिश बाहेर काढली की पीएच वरच जातो, झाकण उघडलं की वरच जातो, म्हणजे सगळ्या चुका एकाच दिशेने साचतात आणि ७.३५ चा ७.४५ कधी झाला ते कळत नाही.

हा हिशेब सुरुवातीपुरता. शेवटी पीएच मोजूनच सेटिंग ठरवायचं. तेलाशिवाय अर्धा मिली मीडियम चार-वेलच्या (चार खळग्यांच्या) डिशमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी झटकन सिरिंजमध्ये बुडबुडा न येऊ देता ओढा, टोपी लावा आणि दोन-तीन मिनिटांत हॉस्पिटलच्या रक्तवायू तपासणीच्या मशीनवर लावा. तुमच्या मीडियमच्या पत्रकातल्या मर्यादेत, बहुतेक ७.२५ ते ७.३५, आला पाहिजे. नवा लॉट आला की परत, सिलिंडरचा पुरवठादार बदलला की परत.

बेंचटॉप इन्क्युबेटर प्रीमिक्स (आधीच मिसळून आलेल्या) गॅसवर चालत असेल तर पंचाईत अशी की त्यात टक्केवारी फिरवायला बटणच नसतं. सिलिंडरमध्ये जे भरून आलं तेच. मागणी नोंदवतानाच ६.५ किंवा ७ टक्के सीओटू, ५ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन असं लिहून द्या आणि विश्लेषणाचा दाखला सिलिंडरसोबत मागा. ऑक्सिजन ५ टक्के हे ब्लास्टोसिस्टपर्यंतच्या कल्चरला नुसत्या हवेपेक्षा चांगलं, त्यावर आता वाद राहिलेला नाही. दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर ठेवा. एकाच सिलिंडरवर चाललेली लॅब रविवारी रात्री रिकामी होते.

तापमान. वर्कस्टेशनचा पृष्ठभाग ३७ दाखवतो तेव्हा डिशमधला थेंब ३५ वर असू शकतो, कारण डिशचा तळ आणि काच यांच्यात हवेची फट असते. बारीक थर्मोकपल तेलाखालच्या थेंबात बुडवून मोजा आणि थेंब ३७ ला येईल असा पृष्ठभाग लावा, मग तो ३८ दाखवो की ३९. प्रत्येक प्रकारच्या डिशसाठी वेगळं मोजावं लागतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठली की एसी १८ वर खेचला जातो आणि त्याचा झोत नेमका हूडवर येतो. उन्हाळ्यात आणि थंडीत दोन्हीकडे मोजून ठेवा.

कोरड्या इन्क्युबेटरमध्ये ऑस्मोलॅलिटी (द्रवात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढते हेही बघा. थेंब घालताना एकेक डिश करा आणि लगेच तेल ओता. चार डिशमध्ये थेंब घालून मग तेल शोधायला गेलात तर २० मायक्रोलिटरच्या थेंबातून तेवढ्यात पाणी उडालेलं असतं, आणि तेलाखाली गेल्यावर ते परत येत नाही. डिश करताना पृष्ठभागाचा हीटर बंद ठेवा, हूडचा पंखाही कमी करा.

वासाच्या वस्तू बंद. रंग, फिनेल, अत्तर, उदबत्ती, अल्कोहोलचा फवारा. कार्बन आणि परमँगनेटचे फिल्टर संपले की वास येऊनच कळतं असं नाही, तारखेनेच बदला. यार्डाजवळ किंवा रस्त्यालगत लॅब असेल तर धुळीने प्री-फिल्टर लवकर तुंबतो आणि खोलीतला वाढीव दाब पडतो. दाराजवळ दाबमापी लावा, दाब शून्यावर आला म्हणजे बाहेरची हवा आत येतेय.

सांगलीकरांसाठी अजून एक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. लिक्विड नायट्रोजनच्या टाक्या आणि सिलिंडर तळमजल्यावर ठेवू नका आणि जुलै लागला की टाक्या काठोकाठ भरून ठेवा. रस्ते बंद झाले की पुरवठ्याची गाडी येत नाही. टाकीतली पातळी रोज पट्टीने मोजून लिहा. रोजची घट अचानक वाढली तर टाकीची निर्वात पोकळी गेली समजा, त्याच दिवशी एम्ब्रिओ दुसऱ्या टाकीत हलवा.

---

मिरज_जंक्शन

ग्लूचं मी सांगतो. नावामुळे लोकांना वाटतं काहीतरी चिकटवतात. त्यात काय असतं तर नेहमीचं मीडियम, आणि हायलुरोनान जास्त, दर मिलीला ०.५ मिलिग्रॅम. नेहमीच्या काही मीडियममध्येही ते असतंच, ०.१२५ च्या आसपास. तेव्हा ग्लू नसलेल्या ट्रान्सफरमध्ये हायलुरोनान शून्य असतं असं समजू नका, आपल्या मीडियमचं पत्रक वाचा.

काम कसं करतं याचे दोन अंदाज. एक, द्रव घट्टसर असल्याने गर्भाशयातल्या स्रावात तो नीट मिसळतो आणि एम्ब्रिओ भलतीकडे वाहून जात नाही. दुसरा, सीडी४४ नावाचा रिसेप्टर एम्ब्रिओवरही असतो आणि गर्भाशयाच्या अस्तरावरही, हायलुरोनान दोघांना धरतं. पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर सगळ्या ॲड-ऑनमध्ये (नेहमीच्या उपचारावर वाढवून देतात त्या गोष्टींत) याची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या) जिवंत बाळंतपणं थोडी वाढलेली दिसली, पुरावा मध्यम दर्जाचा. सोबत जुळ्यांचं प्रमाणही वाढलं, कारण त्या अभ्यासांत बऱ्याच जणींना एकाहून जास्त एम्ब्रिओ दिले होते. ग्लू वापरायचा असेल तर एकच एम्ब्रिओ द्या.

वेळ. १० ते ३० मिनिटं पुरतात. दोन-तीन तास ठेवून फायदा वाढतो असं काही नाही, आणि कल्चरचं काम कल्चर मीडियमवरच सोपवावं. मात्र ग्लूची तयारी आदल्या संध्याकाळी. बायकार्बोनेट बफरचं मीडियम आहे, फ्रिजमधून काढून नुसतं गरम केलं तर पीएच वरच असतो. मधल्या वेलच्या डिशमध्ये अर्धा ते एक मिली घालून रात्रभर सीओटूत ठेवा. ट्यूबमध्ये ठेवणार असाल तर झाकण सैल. घट्ट झाकणाच्या ट्यूबमध्ये रात्रभर ठेवलेलं मीडियम गरम होतं, समतोलात येत नाही. नवखे इथे सर्रास फसतात.

बाकी चुका घट्टपणामुळे होतात. कल्चरच्या थेंबातून एम्ब्रिओ ग्लूमध्ये सोडताना सोबत आलेलं पातळ मीडियम वर तरंगतं आणि एम्ब्रिओ त्या थरात अडकून राहतो, खाली बसत नाही. एका कडेला सोडा, उचलून दुसऱ्या कडेला न्या, परत एकदा करा. कॅथेटरमध्ये ओढताना सावकाश ओढा, घट्ट द्रवात घाई केली की बुडबुडे येतात आणि एम्ब्रिओ कुठे आहे तेच दिसत नाही. तेल नसलेली डिश बाहेर काढली की दोन-तीन मिनिटांत पीएच सरकायला लागतो. डॉक्टरांचं बाहेरचं कॅथेटर बसल्याचा निरोप आल्याशिवाय डिश बाहेर काढायची नाही.

वॉर्मिंगवर कुणी बोललं नाही म्हणून जोडतो. व्हिट्रिफिकेशन कितीही चांगलं झालं असलं तरी सत्यानाश होतो तो वॉर्मिंगच्या पहिल्या सेकंदात. १ मोलर सुक्रोजचं द्रावण खरंच ३७ ला हवं, म्हणजे डिशसकट आणि थेंबात मोजलेलं. नायट्रोजनमधून एम्ब्रिओची पट्टी काढली की एका सेकंदात द्रावणात. मधे हवेत रेंगाळली तर अर्धवट वितळून परत स्फटिक होतात. तिथे १ मिनिट, मग अर्ध्या मोलर सुक्रोजमध्ये ३ मिनिटं, मग वॉश ५ मिनिटं, हे दोन्ही टप्पे खोलीच्या तापमानाला. किट बदललं की वेळा त्यांच्या पत्रकाप्रमाणे. एका किटचं गोठवणं आणि दुसऱ्याचं वॉर्मिंग अशी मिसळ शक्यतो करू नका. नाइलाज झालाच, म्हणजे पेशंट दुसऱ्या गावाहून एम्ब्रिओ घेऊन आली, तर गोठवण्याचा कागद सोबत मागून घ्या.

दोन-तीन तासांनी फुगलेला दिसला तर उत्तम. न फुगलेला म्हणजे मेलेला असं नाही. पेशी शाबूत, कडा स्वच्छ असतील तर आणखी तास-दोन तास थांबा. काळवंडलेला, दाणेदार, पेशींच्या सीमा पुसलेल्या, त्याची आशा नाही.

---

कराड_स्त्रीरोग

लॅबने इतकं सांभाळलेलं शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या हातून जाऊ नये, म्हणून आमच्या बाजूचं लिहिते.

आधी दिवसाचा हिशेब. ब्लास्टोसिस्ट द्यायचा तो प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यापासून साधारण १२० तासांनी, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी. पहिला डोस रात्री घेतला की दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो दिवस पहिला मोजला की दुसरा, यात लॅब आणि ओपीडी यांचे हिशेब वेगळे असतात. एक दिवसाची चूक इथेच होते आणि मग दोष एम्ब्रिओला लागतो. कागदावर दिवस लिहू नका, पहिल्या डोसची तारीख आणि वेळ लिहा. सहाव्या दिवशी गोठवलेला ब्लास्टोसिस्टही याच वेळेला द्यायचा, त्याच्यासाठी एक दिवस पुढे ढकलायचा नाही.

अस्तर ७ मिलिमीटरच्या वर, तीन थर स्पष्ट. योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी रक्तातली पातळी बघा. १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर इंजेक्शन जोडा. गर्भनळ्यांमध्ये पाणी साचलेलं असेल तर ट्रान्सफर थांबवा आणि आधी नळी काढा किंवा बंद करा. ते पाणी गर्भाशयात झिरपत असताना वर हॅचिंग आणि ग्लू करणं म्हणजे पेशंटचे पैसे आणि एम्ब्रिओ दोन्ही वाया घालवणं आहे. आपल्या भागात जननेंद्रियांच्या क्षयाची शंकाही मनात ठेवावी लागते, विशेषतः अस्तर दर वेळी पातळ राहत असेल तेव्हा.

ट्रान्सफर पोटावरच्या सोनोग्राफीखाली, मूत्राशय बेताचा भरलेला. ग्रीवेतला (गर्भाशयाच्या मुखातला) चिकट स्राव आधी मीडियमने पुसून घ्या. कॅथेटरच्या टोकाला तो लागला तर एम्ब्रिओ त्याच्यासोबत परत येतो. टोक गर्भाशयाच्या घुमटापासून १ ते दीड सेंटिमीटर अलीकडे थांबवा. घुमटाला टोक लागलं की आकुंचनं सुरू होतात.

भरलेलं द्रव एकूण १० ते २० मायक्रोलिटर, पुढेमागे हवेचे छोटे बुडबुडे. जास्त भरलं तर द्रव नळ्यांकडे किंवा ग्रीवेकडे वाहतं. लॅबमध्ये कॅथेटरमध्ये ओढल्यापासून आत सोडेपर्यंत दोन मिनिटांच्या आत व्हावं. लॅब आणि ओटी यांच्यामध्ये जिना किंवा लांब व्हरांडा असेल तर आतलं कॅथेटर भरण्याआधी बाहेरचं बसवून ठेवणं हाच उपाय. सोडल्यावर पिस्टन दाबूनच धरा आणि तसंच कॅथेटर सावकाश बाहेर काढा. पिस्टन सुटला तर एम्ब्रिओ परत ओढला जातो. कॅथेटर लॅबमध्ये लगेच धुऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. एम्ब्रिओ अडकून परत आलाच तर घाबरायचं कारण नाही, ताज्या कॅथेटरमधून लगेच पुन्हा द्यायचा.

नंतर पलंगावर तासन्‌तास पाय वर करून झोपवणं बंद करा. फायदा नाही. उठून लघवीला गेल्याने एम्ब्रिओ पडत नाही हे पेशंटला आणि तिच्या सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि एक विनंती. अस्तर खरवडणं, म्हणजे स्क्रॅचिंग, अजून काही ठिकाणी रुजण्यासाठी म्हणून करतात. २०१९ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, फायदा दिसला नाही. दुखतं मात्र नक्की. आता सोडून द्यावं.

---

कोरेगाव_समुपदेशन

संमतीपत्राबद्दल एवढंच. हॅचिंग आणि ग्लू या दोन्हींच्या ओळी संमतीपत्रात वेगळ्या ठेवा, प्रत्येकीपुढे दोन वाक्यं: हे कशासाठी, आणि याने मूल होण्याची खात्री वाढते का. हॅचिंगपुढे एकसारख्या जुळ्यांची शक्यता लिहा. "एम्ब्रिओला मदत करतो" असं तोंडी सांगितलं की ऐकणाऱ्या जोडप्याला नकार देता येत नाही, आपणच कंजुषी केली असं त्यांना पुढे वर्षानुवर्षं वाटत राहतं. पॅकेजमध्ये आधीच धरलेलं असेल तर तेही सांगा.

पीजीटी (एम्ब्रिओची जनुकीय तपासणी) करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अहवालात लिंग येता कामा नये. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी स्वतंत्र लागते आणि २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्याखालची नोंदणी वेगळी. प्रयोगशाळेकडून आलेला कच्चा आलेखही पेशंटच्या फाइलमध्ये लावू नका.

---

अजिंक्यतारा_लॅब (सातारा)

सर्वांचे आभार. आमचं प्रीमिक्स ६ टक्क्यांचंच आहे, तेव्हा पहिलं काम पीएच. विश्रामबाग सर, दोन शंका उरल्या. बायोप्सी झालेला (तपासणीसाठी पेशी काढलेला) ब्लास्टोसिस्ट वॉर्मिंगनंतर पूर्ण झोनाबाहेर येतो, तो डिशला चिकटतो. आणि आधीच गोठवून ठेवलेल्या ज्या एम्ब्रिओंच्या कागदावर भोकाची नोंद नाही, त्यांचं काय करायचं?

---

विश्रामबाग_एम्ब्रिओ (सांगली)

झोनाबाहेर आलेला ब्लास्टोसिस्ट चिकटणारच. रुजण्यासाठी त्याला जे करायचंय ते तो प्लास्टिकवर करायला लागतो. मीडियममध्ये प्रथिनं पुरेशी आहेत का बघा. हाताळणीच्या मीडियममध्ये अल्ब्युमिन कमी असेल तर डिशलाही चिकटतो आणि पिपेटच्या आतल्या बाजूलाही. पिपेट आधी प्रथिनवाल्या मीडियमने दोनदा भरून रिकामी करा, मग एम्ब्रिओ उचला. तळाला चिकटलाच तर थेट ओढू नका. बाजूने मीडियमचा हलका झोत द्या, कड सुटली की मग ३०० ची टिप. बायोप्सीच्या वेळी ५ ते १० पेशी काढल्या आहेत, भोकही तेव्हाच मोठं झालंय, तेव्हा पुन्हा लेझर अजिबात नको. अशा एम्ब्रिओला वॉर्मिंगनंतर जास्त वेळ कल्चरमध्ये ठेवू नका. फुगण्याची चिन्हं दिसली की ट्रान्सफर. कॅथेटर भरतानाही वेग कमी. झोना नसल्यामुळे आकार बदलतो, लांबट होतो, ते बघून दचकू नका.

नोंद नसलेल्यांसाठी: गोठवण्याची तारीख बघून त्या काळात पल्स देण्याची पद्धत होती का ते रजिस्टरवरून ठरवा. होती, तर भोक आहे असं धरूनच वॉर्मिंगनंतर दोन मिनिटं शोधा, एम्ब्रिओ तीन बाजूंनी फिरवून बघा. सापडलं तर रुंद करा. नाहीच सापडलं तर कुठेही हात लावू नका, फुगू द्या. फुगताना ज्या बाजूने पेशी डोकावतील तिथेच भोक. तेवढ्या वेळात आयसीएम कुठे आहे तेही दिसतं. डोकावलेला भाग छोटा असेल आणि त्याच्या शेजारी झोना पेशींपासून मोकळी दिसत असेल तरच कडेला एक-दोन छोटे पल्स द्या. मोकळी दिसत नसेल तर तसाच ट्रान्सफरला द्या आणि काय दिसलं ते फोटोसकट फाइलला लावा. पुढे सोनोग्राफीत एका पिशवीत दोन ठोके दिसले तर डॉक्टरांना तो फोटो लागेल.

कुपवाडकर म्हणतात तसं प्रीमिक्स बदलून येईपर्यंत मधले काही आठवडे जातील. तोवर ६ टक्क्यांवरच काम करावं लागलं तर ज्या मीडियमच्या पत्रकात पीएचची वरची मर्यादा थोडी जास्त दिलीय ते वापरा, आणि डिश बाहेर असण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा.